दाट पाणी

रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये माझं काम एकच. तळाला भोक असलेला कप रंगाने काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहायचं. साहेब त्याला व्हिस्कॉसिटी म्हणतात, मी रंगाचा आळस म्हणते. तापला की सैल सुटतो, गार पडला की जडावतो. एकोणीस वर्षं मी दुसऱ्याचा आळस मोजतेय, स्वतःचा करायला फुरसत नाही.

घरी आले की पुन्हा तेच. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, जिभेला तर काही धाड भरली नव्हतीच, पण गिळणं बिघडलं. साधं पाणी फार चपळ, घसा सावध व्हायच्या आत ते श्वासनळीत शिरतं. एकदा तसं जाऊन न्यूमोनिया झाला. "पुन्हा झाला तर नाकातून नळी घालावी लागेल," गिळणं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर पाण्यात पिठूळ पावडर घालून ते दाट करायचं. दहा मिलीची सिरिंज भरायची, दहा सेकंद वाहू द्यायची, आत निदान चार मिली उरलं पाहिजे.

"हे प्यायचं की चावायचं?" सासूबाई रोज विचारायच्या.

मी सकाळी मोजून कामावर जायची तेव्हा सहा उरायचं. संध्याकाळी चपला काढल्या की भांड्यात उरलेलं पुन्हा मोजायची, खोडच ती. एका सोमवारी सगळी सिरिंज रिकामी झाली. मंगळवारीही तेच. पावडर बदलली, दुकानदाराशी भांडले. दिवसभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या मावशींना बोलले, तर त्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. नवरा म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मला मात्र सासूबाई जरा खोकल्या तरी ती नळी दिसायची. अगदी जीव विटला होता.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी कारखान्यातली वीज गेली म्हणून लवकर आले. मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. सासूबाईंनी चमचा नीट चाटला, भांड्यात घालून ढवळला, पुन्हा चाटला, पुन्हा ढवळला आणि भांडं बाजूला ठेवून स्वस्थ बसल्या. मी दारातच थांबले. थोड्या वेळाने त्यांनी भांड्यावर मान वाकवली आणि चोरून पाणी प्यायल्या. पातळ, साधं पाणी.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं झालं माझं.

"आई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या नाहीत. "उष्ट्या चमच्याची लाळ लागली की पिठाच्या पेजेला पाणी सुटतं. चार पोरं वाढवलीत मी. तुमच्या लॅबमध्ये हे शिकवत नाहीत वाटतं?"

"नळी घालतील तुम्हाला. कळतं का?"

"कळतं गं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला. "पण त्या चिकट पाण्याने तहान जात नाही. पोट भरतं, तहान तशीच राहते. उद्या तपासणीला बाईंना सांगू नकोस."

मी भिंतीला टेकून खाली बसले. राग आला होता आणि रागवायचं त्राण नव्हतं. एकोणीस वर्षांत मी रंगाचा एक आकडा खोटा लिहिला नाही, आणि इथे तर माणूस होतं. दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना यथेच्छ झापलं. मग छातीचा फोटो काढला आणि नाकातून बारीक कॅमेरा घालून रंगीत पाणी पाजलं. मान सरळ असताना पाणी चुकीच्या वाटेला लागलं. हनुवटी छातीला टेकवली तेव्हा नीट उतरलं. छातीही स्वच्छ निघाली.

"मान खाली घालून प्यायलात म्हणून वाचलात," त्या म्हणाल्या.

"चोरी करताना मान खालीच असते," सासूबाई म्हणाल्या.

नळी टळली. जेवताना सगळं दाटच द्यायचं, पण मधल्या वेळी, तोंड स्वच्छ धुऊन, मान खाली घालून, कुणीतरी समोर असताना साधं पाणी चमच्याने चालेल, असं ठरलं.

घरी आल्यावर मी त्यांचं तोंड धुतलं आणि समोर बसले. त्यांनी हनुवटी टेकवली. एक चमचा दिला, त्यांनी गिळला. मी कान देऊन ऐकलं. आवाज स्वच्छ होता, घशात घरघर नव्हती. दुसरा दिला, तिसरा दिला. सातव्या चमच्याला त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मला रडू येत होतं, पण चमचा सांडला असता.

मग त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"आता तू पी. दोन महिने बघतेय, आल्या आल्या ती सिरिंज हातात घेतेस, घोटभर पाणी घेत नाहीस. तुझ्या घशाला काय झालंय?"