काचेचा वाटा

ज्या काचेवर आमच्या प्राध्यापकांची, उएमात्सु सेन्सेईंची, कीर्ती उभी होती, तिची जाडी १.२ मिलिमीटर होती. तिच्यावर टर्बियम, लोह आणि कोबाल्ट यांचा केसाहून हजारपट पातळ थर होता. अशा चुंबकीय थरावरून परावर्तित होताना प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल किंचित वळते. ते जितके अधिक वळेल, तितकी तबकडीवरची नोंद वाचणे सोपे. इतरांना हा कोन ०.३ अंशाच्या आसपास मिळे. सेन्सेईंना सहा वर्षांपूर्वी १.१२ मिळाला, आणि त्यानंतर त्यांनी विचार करणे थांबवले.

दर जानेवारीत, कामाच्या पहिल्या दिवशी, तो नमुना पुन्हा मोजला जाई. लोक देवळात जातात तसे आम्ही विद्युतचुंबकापुढे जमत असू. १.१२ आले की सगळे कमरेत वाकत, मग साके, तांदळाची दारू. याला सेन्सेई पुनरावृत्ती म्हणत. काच सहा वर्षांत म्हातारी होत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी त्यांचा सहायक होतो, मीही नाही.

सेन्सेईंच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी निशिगाकी तोच थर सिलिकॉनवर चढवी आणि आयनांच्या माऱ्याने त्याचे सूक्ष्म ठिपके कोरी. सिलिकॉनमधून यंत्राचा प्रकाश जात नाही, म्हणून ती समोरून, थराच्या बाजूने मोजे. सेन्सेईंचा नमुना, तबकडी जशी वाचतात तसा, काचेच्या बाजूने मोजला जाई. तिचा आकडा ०.३१.

"भाजतेस की काय ठिपके, माशासारखे?" सेन्सेई डिसेंबरात तिला म्हणाले होते. "एक अंश आणून दाखव. त्याशिवाय प्रबंधावर माझा शिक्का नाही."

प्रबंध जानेवारीत, कामाच्या पहिल्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारपर्यंत कार्यालयात द्यायचा होता. सुवा गावातल्या एका कंपनीने तिला एप्रिलपासूनची जागा डॉक्टरेटच्या अटीवर कबूल केली होती.

त्या जानेवारीत नमुना बसवण्याचा मान तिचा होता.

"सेन्सेई, आज आधी हा मोजते," ती म्हणाली. "तशीच काच, पण वर साधं ॲल्युमिनियम आहे. आरसाच."

"आरसा? चेहरा बघायचाय का सणाचा?"

सगळे हसले. मीही हसलो. ती यंत्राशी वाकली. चुंबकीय क्षेत्र वाढले, उलटले. आकडा आला: ०.८१.

ॲल्युमिनियम चुंबकीय नाही. म्हणजे त्या क्षेत्रात प्रकाश वळवला तो काचेने, जाता-येता. नंतर तिने तो पूज्य नमुना उलटा करून थराच्या बाजूने मोजला. ०.३१.

खोलीत दहा अभियंते होते. बेरीज सर्वांना येत होती.

"ॲल्युमिनियममध्ये लोखंडाची भेसळ असेल," एकजण म्हणाला. दोघांनी मान डोलावली. त्यांतला एक पुढे प्राध्यापक झाला.

सेन्सेईंनी चष्मा पुसला. "निशिगाकी, छान. तुझ्या ठिपक्यांना काचेचा वाटा मिळालेला नाही, एवढंच. तो मिळव की त्यात. झाले १.१२. लिही तसं, आत्ता शिक्का मारतो."

"पण माझ्या नमुन्यात काच नाहीच, सेन्सेई."

"असती तर मिळालाच असता ना?"

"आरशालाही मिळाला."

"मग पुढच्या वर्षी बोलू." ते साकेच्या बाटलीकडे वळले.

तिने प्रबंध पिशवीत भरला. मी तिच्यामागे व्हरांड्यात गेलो. सांत्वन करावे, असे काहीसे मनात होते.

"होरिगोमे-सान, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षं."

"मला नुसती काच लावून बघ, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

मी माझ्या कराराबद्दल, त्याच्या वार्षिक नूतनीकरणाबद्दल बोलू लागलो. तिने ऐकून घेतले नाही. विभागाच्या फोनवरून सुवाला फोन लावला.

"निशिगाकी बोलतेय. डॉक्टरेट यंदा होणार नाही... नाही, काम पूर्ण झालंय. आकडा ०.३१ आहे... हो, कमीच आहे. खरा आहे म्हणून." ती बराच वेळ ऐकत राहिली. "खालच्या श्रेणीत? चालेल. कधी येऊ?"

आत कोणीतरी माझे नाव घेऊन हाक मारत होते. साके गरम झाली होती. मी गेलो.