आजोबांचा अभ्यास

बाई गुडघे टेकून बुटक्या टेबलाखाली वाकल्या आणि हाताने फरशी चाचपू लागल्या. एक खडू सापडला, एक पायमोजा, सकाळच्या खेळातली मातीची वाळलेली गोळी. लाकडी चिमटे मात्र नव्हते. सोमवारी वीस होते, आता सोळा. काल डब्यातून चार बटणं गेली होती. परवा खरखरीत कागदाचा, बोट फिरवून गिरवायचा चारचा आकडाच नाहीसा झाला होता.

आठवडाभर बालवाडीच्या त्या वर्गात चारचं राज्य होतं. मुलांनी वाळूच्या ताटात चार गिरवला, चार उड्या मारल्या, पुठ्ठ्याच्या कडेला चार चिमटे लावले. एकाने तर डब्यातल्या सफरचंदाच्या चारच फोडी खाल्ल्या आणि उरलेली फोड पुढच्या आठवड्यासाठी ठेवायला बाईंकडे दिली.

बाई उठल्या तेव्हा भिंगरी दाराशी चपला घालत होती. कधी एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळेच भिंगरी म्हणत. आज मात्र ती जपून पावलं टाकत होती आणि तिच्या फ्रॉकचा खिसा एका बाजूला ओघळला होता.

"खिशात काय आहे गं?"

भिंगरीने खिशावर हात ठेवला. पकडली गेल्याचा भाव चेहऱ्यावर अजिबात नव्हता.

"आजोबांचा अभ्यास. त्यांना चार येत नाही. तीनपर्यंत येतं."

बाईंना हसू आलं. नातवंडांपुढे मुद्दाम विसरणारे आजोबा त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"मग नीट शिकव हं. रागवायचं नाही."

"मी नाही रागवत. रागावलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपतात."

बाईंचं हसू तिथेच थांबलं.

थोड्या वेळाने भिंगरीची आई औषधाच्या दुकानातून धावतपळत आली. खिशातले चिमटे पाहून ती ओशाळली.

"आजच परत करायला लावते, बाई."

"चिमट्यांचं राहू द्या. आजोबांचं काय?"

आईने भिंगरीला घसरगुंडीकडे पिटाळलं आणि मग आवाज खाली आणला.

"सासरे शिंपी आहेत. चाळीस वर्षांत माप कधी लिहून घेतलं नाही, सगळं डोक्यात. चार महिन्यांपूर्वी झटका आला. हातपाय सुधारले, बोलणं आलं, आकडे तेवढे परत आले नाहीत. वाजले किती विचारा, बारा. साखर किती चमचे? बारा. आधी आम्ही हसायचो, तेही हसायचे. मग एकदा जुनं गिऱ्हाईक सदरा शिवायला आलं. यांनी छातीला टेप लावली आणि तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही."

"सराव करून घेता का काही?"

"मी अंकलिपी आणली होती. 'मला बालवाडीत घालतेस का' म्हणाले आणि गादीखाली सारली. हिच्यापुढे मात्र निमूट बसतात. ही शिकवत नाही ना, खेळते." तिने पदराने कपाळ टिपलं. "एक, दोन, तीन झालं. चारपाशी गाडी अडलीय."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक पाहिलं आणि चष्मा खाली केला.

"अजून चारच? महिनाअखेर पालक बघायला येणार आहेत. दहापर्यंत व्हायला हवं."

"एक जण मागे राहिलाय."

"एकासाठी अख्खा वर्ग थांबवायचा?"

"पुढचं मी भरून काढते. शनिवारी येईन हवं तर."

"कोण आहे?"

"नवीन आहे," बाई म्हणाल्या. "वयाने जरा मोठा आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला आणि वेळापत्रकावर सही केली.

घरी बाईंनी जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापले, प्रत्येकाला चार भोकं पाडली आणि ओवायला रंगीत नाड्या घेतल्या. चिंध्यांचे चार तुकडे, चार रिकामी रिळं. वर्गासाठी हे होतंच, शिवाय प्रत्येक वस्तूचा एक जादा संच त्या कापडी पिशवीत घालून भिंगरीच्या हाती देऊ लागल्या. सकाळी आल्या आल्या भिंगरी हालहवाल सांगायची.

"काल त्यांनी नाडी ओवली. माझ्यापेक्षा भरभर."

"आणि चार?"

"तीन म्हणाले. मग म्हणाले, अजून एक. मी म्हटलं, अजून एक म्हणजेच चार. तर म्हणाले, असं होय."

शुक्रवारी शाळा सुटली, मुलं गेली. आईला यायला उशीर होता म्हणून बाई भिंगरीला घेऊन पायरीवर बसल्या. फाटकातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. सदरा कडक इस्त्रीचा, चाल धिमी. एका हाताने त्यांनी भिंत धरली होती. भिंगरी धावत गेली नाही. तिने नुसतं सांगितलं, "आमचे आजोबा."

बाई उठून उभ्या राहिल्या. आजोबांनी खिशातून चिमटे काढले.

"हे तुमचे," ते म्हणाले. "न विचारता आणले पोरीने."

त्यांनी पहिला चिमटा बाईंच्या तळहातावर ठेवला.

"एक."

"दोन."

"तीन."

चौथा बोटांत राहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. कपाळावर घाम दिसू लागला. बाईंच्या जिभेवर आकडा येऊन थांबला होता. त्यांनी दात आवळले आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. भिंगरी खाली वाकून चपलेचा बंद लावत बसली, लावलेला सोडून पुन्हा लावत बसली.

"चार," आजोबा म्हणाले, आणि चिमटा ठेवला.

बाईंनी तोंड उघडलं, तोच भिंगरीने त्यांची ओढणी ओढली.

"शाबास म्हणू नका," ती कुजबुजली. "त्यांना आवडत नाही."

बाईंनी चिमटे मुठीत धरले.

"सोमवारी पाच घेणार आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर या."

आजोबांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"हो, बाई," ते म्हणाले.