एकाच मापाची चार चित्रं

मामानं खिडकीजवळचं टेबल देऊ केलं, त्याच दिवशी भाचीच्या मनात पाल चुकचुकली. ते टेबल मामाचं स्वतःचं. वीस वर्षं त्यावर बसून त्यानं साबणाची, औषधांची, बिस्किटांची खोकी आखली होती. दुसऱ्या कुणी त्यावर नुसता कप ठेवला तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आणि आता हाच माणूस आपल्या पेन्सिली गोळा करत म्हणत होता, "बस इथे. उजेड चांगला आहे." उजेड काही आजच आला नव्हता.

नवीन होता तो भाचीचा अर्ज. वर्षभर मामाच्या स्टुडिओत लेबलं आणि खोकी केल्यावर तिनं चित्रशाळेत चार वर्षांसाठी अर्ज केला होता आणि सोबत आपली चार चित्रं दिली होती. मामा तोंडानं "छान, छान" म्हणाला. पण मामाचं "छान" भाचीला पुरतं ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं निळ्याच्या जागी पोपटी मागितला की तो हेच म्हणायचा.

चित्रं देण्याआधी त्यानं दोनदा विचारलं होतं, "चित्रं कधी द्यायचीत?" चित्रं ठेवायला पुठ्ठ्याची फाइलही स्वतःच आणून दिली होती. एका संध्याकाळी तो आईशी फोनवर बोलत होता, भाची आत आली आणि विषय एकदम हवापाण्यावर गेला. घरी आई इस्त्री करता करता सहज म्हणाली, "मामा कायमचं ठेवून घेतोय, त्यात वाईट काय आहे?" आई दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि घरी येऊन घरचीही करायची. ती सहज काही बोलत नसे. भाचीनं ओळखलं, दोघांचं संगनमत आहे. मामाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

सोमवारी चित्रशाळेतून बोलावणं आलं. परीक्षक बाईंनी चारही चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं मांडली होती. बाई बारीक, चष्मा डोक्यावर, बोलणं तुटक.

"ही कुणी कापली?"

"कापली?"

"इथे बघा. फटकारा अर्ध्यात संपतोय. रंग कडेला येऊन थांबत नाही, सुरीनं तोडल्यासारखा संपतो. चारही बाजूंनी, चारही चित्रं." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ही बाई इस्त्री करतेय. पण ती उभी कशावर आहे? पाय कुठेत हिचे?"

भाचीनं पाहिलं. चित्रात आई होती. वाकलेली पाठ, इस्त्रीवरचा हात, मागे कपड्यांचा ढीग, सगळं होतं. चित्र मात्र घोट्याच्या वरच संपत होतं. पाय तिनं रंगवले होते. एक पाय दुसऱ्या पायावर टेकवून आई उभी राहते तसेच, टाचांच्या भेगांसकट. त्यावर तिनं चार दिवस घालवले होते.

"मला न कापलेलं एक तरी चित्र दाखवा, शुक्रवारपर्यंत," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी जागा दुसऱ्याला देते. चित्रं नीटनेटकी आहेत. नीटनेटकी पुष्कळ येतात."

चित्रं परत घेऊन बाहेर पडता पडता भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबल, फाइल, फोन, सगळं जुळत होतं. देण्याच्या आदल्या दिवशी चित्रं स्टुडिओतच होती आणि कापायचं टेबलही तिथेच. कापायचं, चित्रं नाकारली जातील असं बघायचं, वर उजेडाचं टेबल द्यायचं. आणि तोंडावर काय, तर छान, छान.

मंगळवारी मामा गिऱ्हाइकाकडे गेला तशी तिनं झडती सुरू केली. स्टुडिओत जाड कागदाची कातरण कुणी फेकत नसे. ती कापायच्या टेबलाखालच्या खणात जायची, शाई तपासायला उपयोगी पडायची. खण तिनं तळापर्यंत उपसला. तिथे काही नव्हतं. मग ती मामाच्या कपाटाकडे वळली. असं करताना तिला लाज वाटायला हवी होती, पण रागापुढे लाजेचं काही चाललं नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती. आत कमीजास्त रुंदीच्या लांब पट्ट्या. एका पट्टीवर आईचे पाय.

तिला रडू आलं आणि त्याच वेळी विजयही झाल्यासारखा वाटला. चोर सापडला होता.

मामा परत आला तेव्हा भाची त्याच्याच टेबलावर पट्ट्या मांडून बसली होती.

"हे काय आहे मामा?"

मामानं चपला काढल्या, पाणी प्यायला. "सापडल्या तर."

"म्हणजे नाकारतही नाहीस. मला सरळ सांगायचं होतंस ना, जाऊ नकोस म्हणून. भांडले असते, रडले असते, पण ऐकलं तरी असतं. माझी चित्रं कापायची काय गरज होती?"

मामा नेहमीसारखा चिडला नाही, हेच तिला जास्त खटकलं.

"पट्टी उलट कर," तो म्हणाला.

स्टुडिओत एक शिस्त होती. कापण्याआधी ज्यानं त्यानं कागदाच्या मागे, कापायच्या रेषेजवळ पेन्सिलीनं आपली खूण करायची. उद्या खोकं मिटलं नाही तर चूक कुणाची हे कळायला. मामाची खूण फुली. भाचीची, पहिल्या आठवड्यापासून, एक छोटंसं वर्तुळ.

तिनं पट्टी उलटली. आईच्या पायांच्या मागे एक छोटंसं वर्तुळ होतं. दुसऱ्या पट्टीमागेही. सोळाच्या सोळा पट्ट्यांमागे वर्तुळंच होती, एकाच अंतरावर, सुबक.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही कापली. मला आठवलं असतं ना."

"त्या दिवशी बिस्किटांची बारा नमुना खोकी कापायची होती तुला. ती झाली आणि त्याच्यामागोमाग तू ही चार घेतलीस. मी समोर बसलो होतो. चारही वेगवेगळ्या मापांची होती, फाइलीत वरखाली होत होती. तू मोजपट्टी लावलीस आणि एका मापाची करून टाकलीस. तोंडानं गाणं चालू होतं तुझं."

दाराला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही, पण हातानं ते लावलेलंच असतं, तसं झालं होतं. आता तिला फक्त शेवट आठवत होता. चारही चित्रं फाइलीत बरोबर बसली होती आणि तिला बरं वाटलं होतं. खूपच बरं वाटलं होतं.

"मग तू थांबवलं का नाहीस? आणि या लपवल्यास का?"

मामानं खुर्ची ओढली. "पहिलं कापेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नाही. मलाही ते बरोबरच वाटलं. कागद वाकडा आहे, सरळ करायचा, झालं. आईचे पाय खाली पडले तेव्हा कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मग वाटलं, नाही घेतलं त्यांनी तर राहील इथेच. तेवढी लबाडी माझी. पट्ट्या फेकायला मात्र हात होईना."

म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. पण त्यानं तिला काडीचंही समाधान मिळालं नाही.

संध्याकाळी घरी तिनं चित्र जमिनीवर ठेवलं आणि खाली पट्टी जोडून पाहिली. मग काढून पाहिली. पुन्हा जोडली. खरं सांगायचं तर कापलेलं चित्रच तिला जास्त आवडत होतं. आटोपशीर होतं, नजर थेट इस्त्रीवरच्या हाताकडे जात होती. पाय जोडले की सगळं खाली ओढल्यासारखं व्हायचं आणि आई दमलेली दिसायची. आई खरोखर दमलेलीच असायची. स्वतःच्या हातानं आपण काय काढून टाकलं हे कळल्यावर भाचीला मनातून भीती वाटली.

आई मागे येऊन उभी राहिली. "माझ्या टाचा इतक्या वाईट आहेत?"

"आहेत."

"मग राहू देत," आई म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

शुक्रवारी सकाळी भाची स्टुडिओत आली तेव्हा तिच्या हातातल्या चित्राला मागून चिकटपट्टीनं पाय जोडलेले होते. पुढून कापलेली रेष स्वच्छ दिसत होती. ती लपवायचा तिनं प्रयत्न केला नव्हता.

"मामा, सोमवारपासून मी येत नाही."

"त्यांनी घेतलं?"

"अजून दाखवायचंय. जोडलेलं चालेल की नाही, माहीत नाही. कुणी कापलं विचारलं तर मी कापलं म्हणून सांगणार आहे."

"आणि नाही घेतलं तर?"

"तरी येत नाही. मला हे काम आवडतं रे, म्हणून तर. इथे राहिले तर पुढच्या वेळी काय कापलं हे मला कळणारसुद्धा नाही. तुला कळलं नाही तसं."

हे त्याला लागलं. मामानं चष्मा काढून पुसला. मग उठून त्यानं चित्रामागे लावायला जाड पुठ्ठा काढला, चित्रापेक्षा चांगला वीतभर मोठा. सवयीनं मोजपट्टी लावली, पेन्सिल कानावरून काढली. भाची त्याच्या हाताकडे बघत राहिली. मामाचा हात थांबला. पुठ्ठा त्यानं तसाच, मोठाच ठेवला आणि दोरीनं बांधून तिच्या हातात दिला.

तो पुठ्ठा दारातून सरळ जाईना. भाचीला आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. रस्त्यात दर वीस पावलांवर ती थांबत होती, दोरी चाचपत होती, पायांची पट्टी जागेवर आहे ना ते बघत होती. मामानं बांधलेल्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता. स्वतःच्या हातांवर तर मुळीच नव्हता.