टेकडीवरचा गुणकारी धागा

सातपूरमागच्या टेकडीवर त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. साल दोन हजार नऊ, स्वाईन फ्लूने शहराची गाळण उडालेली. दुकानांत मास्क मिळेनात, आणि वर पत्र्याच्या शेडखाली धागेबाबा गादीवर बसून मनगटांना भगवे धागे बांधत होते. त्यांचा शिष्य झुंबर पायऱ्यांवरून कर्ण्यात ओरडत होता, "ह्या धाग्याला यम घाबरतो! धागा बांधलेला एक तरी मेलेला दाखवा, बाबा गादी सोडतील!"

मलाही तसा एकही दाखवता येत नव्हता. पंचाईत होती ती हीच.

मी डॉक्टर. दवाखान्यात तापाच्या रांगेतले रुग्ण निवडण्याचं काम माझ्याकडे होतं. साधा सर्दी-ताप असेल तर सल्ला देऊन घरी, धाप लागली असेल तर थेट आत. त्या सकाळी सात महिन्यांची गरोदर स्नेहल धापा टाकत आली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता भरती करा. तिची सासू ठमाबाई हटून बसली.

"आधी धागा, मंग दवाखाना. तुमचेच डाक्टर म्हणत्यात, गुणकारी हाय!"

तिने एक छापील कागद पुढे केला. वाचून माझं डोकंच फिरलं. नाशिकच्या आम्हा डॉक्टरांचा ऑर्कुटवर गट होता. खाटा कुठे रिकाम्या, गोळ्या कुठे शिल्लक, हे तिथे पटकन कळायचं. त्याच गटावर माझा वर्गमित्र डॉ. राज याने लिहिलं होतं : 'धागेवाले पेशंट मी स्वतः तपासले, सगळे ठणठणीत. आपल्याकडे जे गेले त्यांच्यात एकाच्याही हातात धागा नव्हता. मन मोकळं ठेवायला हवं.' खाली शिकल्यासवरल्या डॉक्टरांची वाहवा. तेवढंच छापून झुंबर कारखान्यांच्या दारांत वाटत होता. स्नेहलचा नवरा भारत तिथूनच तो घेऊन आला होता.

मी दुसऱ्या रुग्णाकडे वळले तेवढ्यात तिघंही निघून गेली. सहकाऱ्यावर रांग सोपवून मी राजला फोन केला, "गाडी काढ. तुझ्या मोकळ्या मनापायी एक बाई मरेल."

आम्ही पोचलो तेव्हा स्नेहल अर्ध्या पायऱ्यांवर बसली होती. ओठ निळे पडले होते. भारत तिला उचलायला वाकला तर झुंबर आडवा आला.

"उचलायचं नाय! आपल्या पायानं वर येईल त्यालाच धागा. धाप लागली म्हंजी मनात विकल्प हाय. खाली न्या तिला!"

मी जागच्या जागी थबकले. मग इतका संताप आला की कर्णा मी त्याच्या हातातून हिसकावूनच घेतला.

"ऐकलंत? धापेचा माणूस हे वर येऊच देत नाहीत! टेकडी चढून जातो त्याची छाती धड असते. तो धाग्याशिवायही बरा होणारच असतो. ज्याचा जीव खरोखर धोक्यात, तो खालूनच परत जातो, आणि आमच्याकडे येऊन मेला तर हे म्हणतात, बघा, हातात धागा नव्हता! माणसं टेकडी निवडते आणि नाव बाबांचं होतं!"

बाबा वरून गरजले, "नास्तिक बाई, भस्म होशील!"

"होऊ द्या! एवढी ताकद आहे तर खाली या आणि हिला धागा बांधून उभी करा!"

"गादी जागेवरनं हलत नसती," बाबा म्हणाले.

गर्दीतून एक म्हातारी, आक्काबाई, पुढे आली. "माझ्या लेकालाबी इथूनच माघारी लावला. म्हणले, भक्ती कमी पडली. त्यो गेला, बाई. मी आजवर त्यालाच दोष देत व्हते."

भारतने झुंबरला बाजूला ढकललं आणि बायकोला उचललं. राजने गाडी पळवली. रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "मी वर पोचलेलेच तेवढे तपासले गं. ती पोस्ट काढून टाकतो."

"काढू नकोस. त्याच्याखाली हे सगळं लिही, आणि स्वतःचं नाव घालून लिही."

त्याने लिहिलं. ज्यांनी वाहवा केली होती त्यांतले काही जण रागावून गट सोडून गेले. जाऊ देत.

ऑक्सिजनवर बरेच दिवस काढून स्नेहल वाचली, बाळही वाचलं. तर झुंबर सांगत सुटला, अर्धी टेकडी चढली ना, तिला अर्धी कृपा लागली! हे लोक हार मानत नसतात. आपणही मानायची नाही. गादीवरून असो की कॉम्प्युटरवरून, कुणी छाती ठोकून सांगितलं की आमच्याकडे एकही दगावला नाही, तर हात जोडण्याआधी तोंड उघडा आणि विचारा, दारातून परत कुणाकुणाला पाठवलंत?