गुडघ्यावरची हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, पण खिळे ठोकणारी नव्हे. माझी दांडी पोलादाची आणि डोकं रबराचं. डॉक्टर माझ्यानं रुग्णाच्या गुडघ्याखाली हलकेच ठोकतात. नसा ठीक असतील तर पाय आपोआप उडतो. पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी घडले आणि डॉक्टर माधवींबरोबर लोणावळ्याच्या दवाखान्यात आले. तेव्हा माझा काय रुबाब होता! पुढे गर्दी वाढली, यंत्रं आली आणि माझी रवानगी खणात झाली. त्याचा मला अजून राग येतो.

भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत, आंदर मावळातला गेणू बायकोला, मुक्ताबाईला, घेऊन आला.

"पायात जीवच न्हाई वाटत," ती म्हणाली.

"चिखलानं भरलं असतील," गेणू म्हणाला. आवणीत साऱ्यांचेच पाय भरून येतात, त्यामुळे डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि विश्रांती घ्यायला सांगितलं. माझा खण काही उघडला नाही.

"कुटं बसू मॅडम? सावड हाय. मी दुसरीच्या खाचरात न्हाई गेले, तर माझ्या खाचरात कोन येईल?"

ती पुन्हा चिखलात उतरली.

परत आली ती गेणूच्या पाठीवर. हातही लुळे पडले होते. आता डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. मी दोन्ही गुडघ्यांवर पडले. काहीच हललं नाही.

"मावशी, मागं जुलाब झाले होते?"

"व्हय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हा जीबीएस वाटतो," त्या गेणूला म्हणाल्या. "जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती आपल्याच नसांवर उलटते. सलाईनमधून द्यायचं औषध पुण्याला मिळेल. आत्ताच निघा, श्वास थांबू शकतो."

पुण्यात औषध सुरू झालं, श्वासाचं यंत्रही लावलं. पण उशीर झाला होता. मुक्ताबाई गेली. सावडीच्या बायकांनी तिचं खाचर लावून दिलं.

मित्रांनो, पायातली ताकद जाऊन ती कमजोरी वर चढू लागली, तर चिखलावर ढकलू नका. वेळेत कळलं तर बहुतेक माणसं पुन्हा चालू लागतात, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, तर माझ्यासारखीला खणात कोंडू नका.

दिवसकार्य उरकून गेणू दवाखान्यात आला. "माजं बी बगा," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी मला उचललं. त्याचा पाय टुणकन उडाला.

"ह्यो उडतोय," तो म्हणाला आणि त्या पायावर हात ठेवून रडू लागला.