शिवशंकरचा रांजण

पौष अर्धा सरला तरी पालम तालुक्यातल्या त्या गावात कोणी शेकोटी पेटविली नव्हती. एरवी या दिवसांत पहाटेचे पाणी हातात धरवत नसे. त्या वर्षी मात्र मार्गशीर्षात पाऊस झाला, मागाहून रात्री आभाळ दाटून येऊ लागले, आणि माणसे पौषातही पांघरूण पायाने लोटून झोपू लागली. या उबेबद्दल प्रथम कोणाची तक्रार नव्हती. पण गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या व्यंकटरावांचा नातू डेंग्यूने गेला, आणि त्या दिवसापासून राजेश्रीला स्वतःच्या घरात बसवेना.

तिची मुलगी भक्ती त्या मुलाच्याच वयाची, त्याच्याच अंगणवाडीतली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात साठवलेले पाणी ओतून देणे जिवावर येते; तरी राजेश्री दर आठवड्याला हंडे, घागरी, बादल्या पालथ्या घालून उन्हात वाळवी. मोठ्या ड्रमच्या तोंडाला तिने जुन्या लुगड्याचे दुहेरी फडके बांधले होते. आशा कार्यकर्ती सुकेशनी बॅटरी घेऊन आली, प्रत्येक भांड्यात वाकून पाहिले आणि समाधानाने मान डोलावून गेली. असे असूनही पायांवर पांढरे पट्टे असलेले ते काळे डास भर दिवसा घरात येतच होते. राजेश्री भाकरी थापता थापता भिंतीकडे पाही. एक मारावा, तर दुसरा भक्तीच्या पोटरीवर बसलेला असे.

अखेर भक्तीला ताप आला. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणून ती रडू लागली, तेव्हा राजेश्रीने तिला पालमला नेले. रक्त तपासले, डेंग्यूच निघाला. प्लेटलेट अजून बऱ्या आहेत, पण रोज पाहाव्या लागतील, असे पालमच्या डॉक्टरांनी सांगितले.

त्या दिवशी प्रथमच राजेश्रीने भिंतीच्या वरच्या अंगाला नीट पाहिले. पत्र्याखाली हातभर फट होती, आणि भिंतीपलीकडे थोरल्या दिराचे, शिवशंकरचे घर होते. दिवाळी होताच तो बायकोमुलांसह ऊसतोडीला गेला होता. दाराला कुलूप होते. घर सोडताना रांजण भरून जाण्याची त्या गल्लीतली रीत राजेश्रीला ठाऊक होती. तिने सासूला विचारले, "आत्याबाई, भावजींच्या रांजणातलं पाणी आटलं असंल ना?"

"कवाच आटलं," कडूबाई म्हणाली.

सुकेशनीने कुलूप उघडून पाहू या म्हटले. चावी शिवशंकर घेऊन गेला, असे कडूबाईने सांगितले. त्या वेळी चावी तिच्या पदराच्या गाठीत होती.

ती खोटे का बोलली, हे समजण्यासाठी ती रीत समजली पाहिजे. तोडीला जाणारी माणसे घर कोरडे ठेवून जात नसत. निघताना रांजण काठोकाठ भरायचा, आणि माणसे परत येईपर्यंत मागे राहिलेल्या आईने त्यातले पाणी खाली जाऊ द्यायचे नाही. हे कोणाच्या नजरेस पडू द्यायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. रांजण भरलेला असला, की उसाच्या फडातला मुलगा सुखरूप राहतो. सुकेशनी बायकांच्या बैठकीत आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा म्हणून सांगू लागली, की कडूबाई मनातल्या मनात कान झाकून घेई. राजेश्री शेतात गेली की मागच्या दाराने ती घागर नेई आणि रांजण भरून येई. पाण्यात वळवळणारे जीव तिने पाहिले नव्हते असे नाही. तिच्या सासूने तिला सांगितले होते, ज्या पाण्यात जीव खेळतो ते पाणी जिते असते.

याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. हीच रीत, हाच रांजण, हीच घागर. आणि आजवर त्या पाण्याने कोणाचे वाकडे झाले नव्हते. कारण पूर्वी पौषातली थंडी येई आणि पाण्यातल्या डासांची पैदास बिनबोभाट थांबवून जाई. थंडी आपले एवढे काम करीत होती, हे ती येईनाशी झाली तेव्हाच कळण्याजोगे होते. आणि तेही ज्याच्या घरात ताप शिरला त्याला.

चौथ्या दिवशी भक्तीचा ताप उतरला. राजेश्रीने कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि भिंतीला टेकून रडली. तिचा नवरा जीवन हसत म्हणाला, की आता पोरगी खिचडी मागेल. कडूबाईने देवापुढे साखर ठेवली. तेवढ्यात सुकेशनी आली. तिने भक्तीचे हात हातात घेतले, मग पाय चाचपले, आणि तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले.

"हात गार पडलेत. पोटात दुखायलंय का गं?"

भक्तीने डोळे न उघडता मान हलविली.

"दादा, गाडी बघा. ताप उतरल्यावरच ह्याचा खरा धोका असतो. लगेच परभणीला न्या."

घरातला आनंद असा एका वाक्यात मावळला. जीप आली. जीवनने पोरीला चादरीत गुंडाळून उचलले, तेव्हा तिची मान त्याच्या दंडावरून कलंडली. राजेश्री मागोमाग जीपमध्ये चढली. कडूबाई जीपकडे गेली, पण जागा नव्हती. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली.

घरात परतली तेव्हा भक्तीच्या रिकाम्या वाकळेवर एक डास बसला होता. कडूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तो उडाला, भिंतीवर चढला आणि पत्र्याखालच्या फटीतून पलीकडे गेला.

तिने गाठ सोडली. कुलूप उघडताच आतली दमट ऊब तोंडावर आली. रांजणावरचे झाकण तिने उचलले मात्र, भुरकन डास उठले. केसांत, कानांपाशी, डोळ्यांपुढे. खाली पाण्यात जीव खेळत होते. आजवर तिने ते पाहिले होते. आज तिला ते दिसले.

तरी हात पुढे होईना. हे पाणी आपल्या हाताने ओतायचे म्हणजे शिवशंकरला उघड्यावर सोडायचे. तो आता कोठे असेल? उसाने भरलेल्या ट्रॉलीवर, की कोयत्याच्या धारेपाशी? एका लेकाची पोर परभणीच्या वाटेवर गार पडत होती. दुसऱ्या लेकाचा जीव, तिच्या समजुतीप्रमाणे, या मातीच्या भांड्यात होता. दोहोंपैकी एक तिलाच निवडावे लागणार होते, आणि विचारायला घरात कोणी नव्हते.

"माय भवानी, माझ्यावर घे," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी रांजण कलता केला.

पाणी उंबऱ्यावरून अंगणात गेले आणि तापलेल्या मातीत जिरले. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, असे सुकेशनी एकदा म्हणाली होती. कडूबाईला ते पाठ होते, जरी तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले होते. तिने राखेने रांजण आतून खरवडून काढला आणि उन्हात पालथा घातला. मग ती उंबऱ्यावर फोन मांडीवर घेऊन बसली.

उन्हे कलल्यावर जीवनचा फोन आला. सलाईन लावले आहे, पोरीने पाणी मागितले, लघवीही झाली. आजची रात्र निभावली तर भीती नाही, असे डॉक्टर म्हणतात. कडूबाईने ऐकून घेतले. मग भीत भीत शिवशंकरचा नंबर लावला. बराच वेळ कोणी उचलला नाही. पालथ्या रांजणाकडे पाहण्याचे तिला धैर्य होईना.

"बोल माय," शिवशंकरचा आवाज आला.

तिला पाण्याबद्दल सांगता आले नाही. तिने एवढेच विचारले, की थंडीचे अंगावर काही घेतोस का.

तो हसला. "कुठली थंडी, माय? घाम निथळायलाय. अन् डास तर असे, की आमाला उचलून फडात नेतील. पोरं दिवसभर खाजवायलीत."

कडूबाई उठून उभी राहिली. "पाणी कुठं साठवता रं?"

"पाचटाच्या कोपीच्या दारातच की. ड्रम हाय."

"झाकण हाय का?"

"झाकण कशाला? बरं, तू आपल्या रांजणाचं..."

"ओत ते पाणी," कडूबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

पाण्याचा टँकर उद्याशिवाय येणार नाही, बायको जीव घेईल, आणि तुला उन्हाने काही झाले आहे काय, असे तो बरेच बोलला. तिने त्याला बोलू दिले. मग पालथ्या रांजणावर हात ठेवून ती म्हणाली,

"तुझा रांजण मी ओतलाय, शिवशंकर. आता तुला राखायला माझ्यापाशी काय न्हाई. ड्रम आडवा कर. मला आवाज आला पायजे."

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि नुसता वारा वाजत राहिला. कोणा लहान मुलाचे रडणे आले आणि थांबले. कडूबाईने फोन कानाशी इतका दाबून धरला होता, की कान दुखू लागला. एक डास तिच्या मनगटावर येऊन बसला; त्याला मारण्यासाठीही तिने हात हलविला नाही. मग दूर, अगदी बारीक, पत्र्याचा ड्रम दगडावर घासला, आणि पाणी वाहू लागले.