उघडी गाडी की बंद

"थांबव," देवजी म्हणाला. "थांबव म्हंतो ना!"

हरेशने माळशेजच्या चढावर, वळणाअलीकडच्या रुंद जागेत ट्रेलर डावीकडे घेतला. मागून लोखंड घासल्याचा आवाज त्यालाही आला होता, पण या गाडीतले सगळेच आवाज त्याला नवीन होते. चाकांमागे दगड लावून दोघे मागे गेले. ट्रेलरच्या उघड्या पाठीवर पत्र्याच्या जाडजूड कॉइल बसवलेल्या होत्या. सगळ्यांत मागच्या कॉइलवरची साखळी सैल पडून लोंबत होती आणि कॉइल बोटभर सरकली होती.

इतका वेळ त्यांच्या मागोमाग येणारा एक दूधवाला मोटरसायकल हळू करून त्यांच्याकडे बघत पुढे निघून गेला. त्याला काहीच कळले नव्हते.

"माजंच चुकलं, मामा. बांधताना..."

"तुजं नाय." देवजीने साखळी हातात घेतली. "पुढच्या तू बांधल्यास. ही मी बांधली."

लोखंडी दांडा घालून तो साखळी पिळू लागला. दांडा अर्ध्यावर आला आणि परत फिरला. पुन्हा तेच झाले. देवजीची बोटे थरथरत होती. मग हरेशने न विचारताच दांडा घेतला आणि साखळी कणकण वाजेपर्यंत आवळली. देवजी कठड्याकडे जाऊन उभा राहिला.

"कधीपासून, मामा?"

"भातकापनीपासून. शेठला नाय सांगलं." मग त्याने विचारले, "तू सांगनार?"

हरेश चाकांमागचे दगड काढायला गेला.

हरेश किन्हवलीचा. लग्नाच्या आधीपासून तो किन्हवली-शहापूर वडापची जीप चालवत होता. जीप थकून भंगारात गेली, तेव्हा त्याने अवजड गाडीचा परवाना काढला. आता त्याच्यापुढे दोन कामे होती. एक मुरबाडच्या एमआयडीसीतल्या शेठच्या ट्रेलरवर. आधी त्यावरच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर, वैशाखऱ्याच्या देवजीबरोबर, काही फेऱ्या करून शिकायचे, मग पुढचे पुढे. दुसरे वाशिंदजवळच्या गोदामातून कंटेनर न्यायचे. तिथे त्याचा दोस्त शेखर होता.

"कंटेनरच घ्या," सरिता, त्याची बायको, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "दार बंद, कुलूप लावलं, सुटलो. ना ऊन, ना पाऊस, ना बांधाबांधी."

ते हरेशलाही पटत होते. म्हणून दोन दिवसांनी तो शेखरबरोबर नाशिकपर्यंत जाऊन आला. गाडी नवी कोरी होती. गोदामाच्या माणसाने दाराला सील ठोकले आणि शेखरने गाणी लावली.

"आत काय हाय?" हरेशने विचारले.

"साबन असंल नायतर टीव्ही असंल. आपल्याला काय करायचंय? आपन फक्त चालवायचं."

कसाऱ्याच्या वळणावर आत काहीतरी धाडकन पडले.

"थांब रे, बघू."

"बघतो कसा? सील हाय ना भाऊ." शेखर हसला. "पडलं ते पडलं. ज्यांनी भरलं ते बघतील."

शेखरचे खोटे नव्हते. पण त्यानंतर हरेशचे गाण्यात लक्ष लागेना. प्रत्येक वळणाला त्याचे कान मागे जात. जीपमध्ये असे नव्हते. जरा जोरात वळण घेतले की मागून कोणीतरी म्हातारी खांद्यावर थाप मारायची, "हळू रे, मुडद्या!" कोण कुठे बसलाय, कोणाला मळमळतेय, सगळे मागे न बघता कळायचे. इथे एका गाडीत माल डोळ्यांसमोर होता आणि त्याची छाती धडधडत होती. दुसऱ्या गाडीत माल दिसतच नव्हता, तरी धडधड होतीच.

त्याने भेटेल त्याला विचारले. ज्याने ट्रेलर चालवला होता तो म्हणाला कंटेनर घे, आणि कंटेनरवाला म्हणाला ट्रेलर घे. डोके आणखीच गरगरले. त्यात देवजीची थरथरती बोटे डोळ्यांपुढून हलत नव्हती. सांगावे तर म्हाताऱ्याची गाडी जाणार, आणि गप्प राहावे तर त्या घाटातून रोज माणसे जातात.

शेवटी त्याने आपल्यापुरता तोडगा काढला. ट्रेलर घ्यायचा, देवजीबरोबरच राहायचे. चालवेल देवजी, साखळ्या सगळ्या आपण बांधायच्या. कोणाला काही सांगायला नको.

"तुमाला ती गाडी आवडली, का मामाची दया आली?" सरिताने विचारले.

"ठावं नाय गो," हरेश म्हणाला. ते अगदी खरे होते.

सकाळी तो मुरबाडला पोचला तेव्हा ट्रेलरवर माल चढला होता. देवजी मात्र धुतलेला सदरा घालून, पिशवी खांद्याला लावून फाटकापाशी उभा होता.

"शेठला सांगलं मी," तो म्हणाला.

"काय सांगलं?"

"हाताचं. त्या दिवसाचंबी." देवजीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "त्या दूधवाल्याचं तोंड दिसतं रे झोपताना. आपन भाकरी खाऊन निजायचं, नि त्याला पत्ताच नाय."

"पन मामा, मी आलो असतो ना तुमच्यासंगती! मी बांधलं असतं सगळं!"

"म्हनूनच सांगलं. तू येशील, असं वाटलंच व्हतं." देवजी हसला. "गाडी तुला द्या, म्हनलोय. शेठ हो म्हनला. घ्यायची तर तुज्यासाठी घे, माज्यासाठी नको."

हरेश ट्रेलरकडे बघत राहिला. ज्या कारणासाठी तो आला होता ते आता उरलेच नव्हते. परत फिरावे तर शेखरची गाडी अजून मिळाली असती. आपल्याला नक्की काय हवे आहे, हे त्याला त्या घटकेलाही कळले नाही. पण माल तसाच सुटा पडलेला त्याला बघवेना. त्याने साखळी उचलली. एक बांधून झाली, मग दुसरी घेतली. देवजीने जवळ येऊन एकही सूचना केली नाही.

"चला, सोडतो घरी," हरेश म्हणाला.

"नको. येष्टीनं जातो. माल घेऊन जाताना मानसं बसवू नको."

एसटी ट्रेलरच्या पुढेच निघाली. टोकावडे मागे पडले, वैशाखरे आले. थांब्यावर देवजी उतरला आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभा राहिला. हरेशने हॉर्न दिला. देवजीने वर पाहिले नाही. केबिन त्याच्यासमोरून गेली, आणि आरशात हरेशला दिसले, म्हातारा एकेक कॉइल समोरून सरकताना मान वळवत बघत होता. शेवटची गेल्यावर त्याने पिशवी सावरली आणि गावाच्या वाटेला लागला.